उपयोगिता प्रमाणपत्र

अक्षरी रुपये अठरा लाख बेचाळीस हजार फक्त.
हा 'फक्त' माझ्या हातचा.
पुढे कोणी काही चिकटवू नये म्हणून
बावीस वर्षं आकड्यांच्या दाराला ही कडी लावत आले,
पंपांच्या बिलांना, खसच्या ताट्यांना,
पोरींच्या पगाराच्या पाकिटांना.
आता अंतराळाला.

हिंगण्याच्या एमआयडीसीत, रबराच्या वासाला लागून
आमची शेड. पुढे कूलर, मागे व्हॉल्व्ह.
कूलर अर्ध्या नागपूरला माहीत,
व्हॉल्व्ह कोणालाच नाही.
करंगळीच्या पेराएवढा.
उपग्रहाच्या पोटात बसून इंधन अडवायचं
आणि सांगितलं की सोडायचं.
तीही कडीच म्हणा.

अर्जात रकाना होता:
संशोधनातील जोखीम विशद करा, शब्दमर्यादा दोनशे.
सुदर्शन पराते, आमचे मालक, पेन चावत म्हणाले,
"जोखीम काहून विचारते बाप्पा? नाही जमलं तर नाही जमलं."
मी तेच एकशे शहाण्णव शब्दांत शुद्ध करून लिहिलं.
पहिला हप्ता आला.

हेलियम पावती देत नाही.
यंत्र जोडलं की तेवढं कळतं, किती गळतोय.
अट अशी, की एक घनसेंटिमीटर वायू
निसटायला तीन वर्षं लागली पाहिजेत.
आमच्यातून अकरा दिवसांत जायचा.
"अकरा दिवस तं तुमचा पगारही टिकत नसन, मॅडम."
कोणी हसलं नाही.
दुसरा हप्ता संपला.
तिसरा, निकाल दाखवल्यावर.

एप्रिलात एका दुपारी इस्राईलभाई,
मोमिनपुऱ्याहून सायकलनं येणारे,
मायक्रॉन बोटाच्या टोकानं ओळखणारे,
भिंगाखालून चिमट्यानं काहीतरी उचलून
माझ्या कोऱ्या व्हाउचरवर ठेवून गेले.
मला दिसेना.
"सांस रोको, बेटा."
मग दिसला:
कूलरच्या जाळीत भरतो त्या लाकडी गवताचा
एक तंतू.

म्हणजे पुढची शेड बंद.
ऐन मे, पारा सेहेचाळीसवर,
सीताबर्डीचे दुकानदार फोनवरून आमचं कूळ काढताना
आम्ही फरशी धूत होतो, ओले पडदे टांगत होतो,
आणि तापल्या पत्र्याखाली
स्वतःचेच कूलर बंद ठेवून बसलो होतो.
एकोणीस दिवस.
पॅकिंगच्या पोरींना मी बसून पगार दिला.
त्या वेळ जात नाही म्हणून
खिळ्यांचे डबे पुन्हा पुन्हा निवडत होत्या, तांदूळ निवडावेत तसे.

आकडा उतरला तो रात्री साडेतीनला.
उतरला, अजून उतरला, थांबला.
इस्राईलभाईंनी यंत्राला एक टिचकी मारून पाहिली,
तरी तिथेच.
पराते काही बोलले नाहीत. गाडी काढली,
आणि उजाडताना तर्री-पोहे घेऊन आले,
तर्री पिशवीतून गळत होती.

आता हा कागद.
यंत्रसामग्री, कच्चा माल, मनुष्यबळ, प्रवास, आकस्मिक.
न विकलेल्या तीनशे चाळीस कूलरना रकाना नाही.
फोन केला. साहेब सभ्य होते.
"मॅडम, जे झालंच नाही त्याचं बिल कुठून आणाल?"
व्हॉल्व्हमधून जे गेलं नाही
त्याचेच तर पैसे दिलेत तुम्ही,
ओठांपर्यंत आलं.
"बरं," म्हणाले.

अखर्चित शिल्लक तीनशे बारा रुपये. परत केले.
व्हॉल्व्ह थर्माकोलच्या खोक्यातून बंगळुरूला गेला.
वर जाणार, की कुठल्या कपाटात राहणार,
अजून कोणी कळवलेलं नाही.
कूलरवाले दोन दुकानदार तुटले ते तुटलेच.

तंतू मात्र मी फेकला नाही.
सेलोटेप लावून व्हाउचरवरच ठेवलाय,
रक्कम निरंक,
तपशिलात इस्राईलभाईंचं नाव.
लेखापरीक्षक विचारतील तेव्हा
त्यांनाही श्वास रोखायला सांगीन.